आईच्या पर्समधली वही

आपल्याकडे दिवस राहिले की आधी नवऱ्याला सांगायचं, मग आईला, मग सासूबाईंना. तिसरा महिना सरेपर्यंत बाकी कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. जपानमध्ये मात्र नवऱ्याच्या पाठोपाठ नंबर लागतो तो थेट सरकारचा! डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्यावर राजम्याच्या दाण्याएवढं काहीतरी दाखवतात, अभिनंदन म्हणतात, आणि पुढच्याच वाक्यात सांगतात की आता वॉर्ड ऑफिसात जाऊन वर्दी देऊन या.

ही २००९ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहत होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००० सालाच्या आगेमागे कॉम्प्युटरच्या कामासाठी जे भारतीय इंजिनीअर तोक्योला आले, त्यातल्या बऱ्याच जणांनी इथे बिऱ्हाडं थाटली. तोक्योतली भारतीय वस्ती म्हटलं की अजूनही हेच नाव निघतं.) वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी एक फॉर्म भरून घेतला आणि एक पिशवी माझ्या हातात ठेवली. पिशवीत होती तपासण्यांची चौदा कुपनं, पर्सला अडकवायचा 'पोटात बाळ आहे' असं सांगणारा गुलाबी बिल्ला, माहितीपत्रकांचा गठ्ठा, आणि एक छोटी वही.

वहीचं नाव बोशी केन्को तेच्यो. बोशी म्हणजे आई आणि मूल, केन्को म्हणजे आरोग्य, आणि तेच्यो म्हणजे जवळ बाळगायची छोटी वही. रोजच्या बोलण्यात नुसतं 'बोशी तेच्यो'.

या वहीबद्दल लिहायचं कधीचं मनात आहे. तेव्हाच लिहिलं असतं तर 'जपानी लोक किती व्यवस्थित' एवढंच लिहून झालं असतं. मधल्या वर्षांत तिचा इतिहास तुकड्यातुकड्याने वाचनात येत गेला, आणि गोष्ट वाटली होती तितकी गोड नाही हे कळलं. तरी ती वही मला पूर्वीपेक्षा जास्तच आवडते. का, ते सांगायचा हा प्रयत्न. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी वहीत काय असतं ते सांगते. सुरुवातीला आईबाबांची नावं, बाळाच्या नावाची रिकामी ओळ. मग आईची प्रकृती, आधीची बाळंतपणं, काम कसलं करते, किती तास उभं राहावं लागतं, घरात जिने चढावे लागतात का. त्यानंतर एक मोठा तक्ता. दर तपासणीला एक ओळ: कितवा आठवडा, पोटाची उंची, रक्तदाब, पायांना सूज, लघवीत प्रथिनं, साखर, वजन. पुढे बाळंतपणाचं पान: किती तास लागले, रक्त किती गेलं, बाळ किती वजनाचं. मग बाळाच्या तपासण्या, लशी, वाढीचे आलेख, थेट शाळेत जाईपर्यंत. आणि मधूनमधून आईने स्वतः लिहायच्या जागा. बाळ हसतं का, मान धरते का, आणि एक प्रश्न असा की मूल वाढवणं तुम्हाला जड जातंय का?

आपल्याकडेही रिपोर्टांची पिशवी पेशंटकडेच असते, हे खरं. माझ्या बहिणीची पुण्यातली पिशवी मी पाहिली आहे. पण त्यात दर डॉक्टरचे वेगळे कागद, दर लॅबचे वेगळे. इथे डॉक्टर बदला, गाव बदला, सुईण असो की हॉस्पिटल, सगळ्यांनी याच वहीत लिहायचं. आणि वही कायम आईकडे. दवाखान्याची त्यांची स्वतःची नोंद वेगळी असते, ही आपली.

आता इतिहास. तो या वहीच्या बराच आधी सुरू होतो, म्हणून थोडं मागे जाऊ या.

जपानमध्ये पाचव्या महिन्यात पोटाला पट्टा बांधायची रीत आहे. पंचांगात दर बारा दिवसांनी 'इनु नो हि', म्हणजे कुत्र्याचा दिवस येतो. कुत्री सुखरूप विते आणि ढीगभर पिल्लं देते, म्हणून हा दिवस शुभ. त्या दिवशी देवळात जायचं, पट्टा आणायचा. तोक्योत यासाठी निहोम्बाशीचं सुइतेन्गू देऊळ प्रसिद्ध आहे. आमच्या शेजारच्या काकू मला तिथे घेऊन गेल्या होत्या. पोट सावरत रांगेत उभ्या असलेल्या बायका, त्यांच्या सासवा, आया... ओटीभरणाला जमलेल्या बायकांमध्ये जसं वाटतं तसंच वाटलं. फक्त हिरव्या बांगड्यांची आठवण आली.

हा पट्टा पूर्वी करकचून बांधत. बाळ फार वाढू नये, वर सरकू नये, अशी समजूत. क्योटोत कागावा गेन्एत्सु (१७००-१७७७) नावाचे एक वैद्य होऊन गेले. त्यांनी १७६५ साली 'सानरोन' नावाचा ग्रंथ छापला. तोपर्यंत सगळे मानत की पोटात बाळ डोकं वर करून बसलेलं असतं आणि जन्माच्या वेळी एकदम उलटं होतं. असंख्य बायकांची पोटं हाताने चाचपून कागावांनी सांगितलं की तसं नाही, बाळाचं डोकं आधीपासूनच खाली असतं. साधारण त्याच काळात तिकडे ब्रिटनमध्ये विल्यम स्मेली हेच सांगत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. कागावांनी करकचून पट्टा बांधण्यालाही विरोध केला. पट्टा मात्र टिकला. हल्ली तो सैल, मऊ असतो, आणि काकूंच्या मते कंबरेला आधार म्हणून उत्तम.

आता मोठी उडी मारून १९४२ मध्ये येऊ. आमच्या वहीचा जन्म तेव्हाचा.

१९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बर झालं होतं. त्याच वर्षी जानेवारीत जपान सरकारने लोकसंख्येचं धोरण ठरवलं होतं: १९६० पर्यंत देशाची लोकसंख्या दहा कोटी व्हायला हवी. त्यासाठी लग्नं तीन वर्षं लवकर लावायची, आणि दर जोडप्याला सरासरी पाच मुलं. आरोग्य मंत्रालय तरी कधीचं? १९३८ चं, आणि ते निघण्यामागे सैन्याचा मोठा रेटा होता, कारण भरतीला येणारी पोरं अशक्त निघत होती. थोडक्यात, मुलं हवी होती ती सैन्यासाठी आणि कारखान्यांसाठी.

सेगी मित्सुओ नावाचे एक डॉक्टर त्याआधी जर्मनीला जाऊन आले होते. हांबुर्गमध्ये गरोदर बायका आपल्या तपासणीची नोंद जवळ बाळगतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून जुलै १९४२ मध्ये 'निन्सान्पु तेच्यो', म्हणजे गरोदर-बाळंतिणींची वही निघाली. वही म्हणायला एकच कागद, घड्या घातलेला. त्यात तपासणीच्या नोंदी, आणि सुरुवातीलाच उपदेश: प्रकृती सांभाळा, उत्तम मूल जन्माला घाला आणि देशाची सेवा करा.

बायकांनी ही वही घेतली, पण कशासाठी? रेशनसाठी! युद्धामुळे सगळ्याचीच टंचाई होती, आणि ही वही दाखवली की जास्तीचं रेशन मिळे. बाळंतपणासाठी कापूस, गॉज, साबण, साखर, आणि चक्क पोटाच्या पट्ट्याचं कापडसुद्धा. (कागावांनी कपाळाला हात लावला असता.) त्या काळात सुमारे ७० टक्के गरोदर बायकांनी नाव नोंदवलं, असं सांगतात. देशसेवेचा उपदेश किती जणींनी वाचला असेल देव जाणे. साखर नक्की घेतली असणार.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी माझी वही काढून बराच वेळ नुसती बघत बसले. मुखपृष्ठावर बाळाचं गोंडस चित्र, आणि तिची आजी ही अशी. माझा रक्तदाब, माझ्या पायांची सूज, हे लिहून घ्यायची सरकारला जी गरज वाटली ती माझ्यासाठी नव्हतीच. पुढच्या शिपायासाठी होती.

युद्ध संपलं. १९४७ मध्ये बालकल्याण कायदा आला, आणि १९४८ मध्ये कागदाची खरीखुरी वही झाली, वीसेक पानांची. नाव 'बोशी तेच्यो'. आता आईबरोबर मूलही आत आलं: त्याचं वजन, त्याच्या लशी. सेगी तेव्हा मंत्रालयात माता-बालक विभागाचे पहिले प्रमुख होते. देशसेवा गेली, रेशन राहिलं. दुधाच्या पावडरीचा हिशेब ठेवायला वहीत जागा होती. १९५१ मध्ये 'बालकांची सनद' निघाली, तीही पुढे या वहीत छापली जाऊ लागली. १९६५ मध्ये माता-बालक आरोग्य कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून नावात 'केन्को' आलं. १९९२ पासून वही द्यायचं काम प्रांतांकडून गावांकडे आणि वॉर्डांकडे गेलं. म्हणून मी वॉर्ड ऑफिसात.

इथवर गोष्ट चढत्या भाजणीची. पण १९४८ मध्ये आणखी एक कायदा झाला: सुप्रजनन संरक्षण कायदा. 'सदोष' संतती होऊ नये म्हणून मानसिक आजार किंवा अपंगत्व असलेल्या माणसांची नसबंदी करायची परवानगी त्यात होती, आणि त्यांच्या संमतीशिवायसुद्धा. १९९६ मध्ये ती कलमं गेली. तोवर सुमारे २५ हजार लोकांवर या कायद्याखाली शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यातल्या साधारण साडेसोळा हजार संमतीशिवाय. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाविरोधी ठरवला तो थेट जुलै २०२४ मध्ये. कित्येकांना आपल्यावर काय केलं गेलं याचे कागद मिळवतानाच नाकी नऊ आले. कागद सरकारकडे, दवाखान्यांकडे, नाहीतर केव्हाच नष्ट झालेले.

एकाच वर्षी, एकाच सरकारने एका बाईच्या हातात वही दिली आणि दुसरीकडून मूल होण्याचा हक्कच काढून घेतला. दोन्ही आरोग्याच्या नावाने. पहिलीचे कागद तिच्या पर्समध्ये होते, दुसरीचे कुठल्या तरी कपाटात. मला या सगळ्या इतिहासातला महत्त्वाचा धागा हाच वाटतो. नोंद कुणी, का सुरू केली याइतकंच ती राहते कुणाकडे यालाही महत्त्व आहे.

वहीचा उपयोग झाला का? आकडे बोलके आहेत. १९४७ मध्ये जपानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ७६ ते ७७ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात. १९६० मध्ये ३१ च्या आसपास, १९७५ मध्ये १०, आणि आता दोनाहून कमी. याचं सगळं श्रेय वहीला देणं भाबडेपणाचं होईल. अँटिबायोटिक्स आली, जेवण सुधारलं, १९६१ मध्ये सगळ्यांना आरोग्य विमा मिळाला. १९५० मध्ये शंभरातली ९५ बाळंतपणं घरी होत. १९७० पर्यंत जवळपास सगळी हॉस्पिटलांत, दवाखान्यांत किंवा सुईणींच्या प्रसूतिगृहांत व्हायला लागली. पण त्या आधीच्या काळात घरोघर फिरणाऱ्या सुईणींच्या हातात ही वही होती. सूज दिसली, लघवीत प्रथिनं दिसली, तर डॉक्टरकडे पाठव, हे ठरवायला मागच्या महिन्याची ओळ समोर लागते. ती ओळ आईच्या घरात होती.

गंमत म्हणजे, जर्मनीत पाहिलेली कल्पना जपानात रुजली, आणि पश्चिम जर्मनीत आईची अशी पुस्तिका आली ती १९६१ मध्ये. पुढे जपानच्या मदतीने इंडोनेशियात १९९४ पासून मध्य जावात अशी वही सुरू झाली आणि नंतर देशभर गेली. आपल्याकडे २०१० च्या सुमारास माता-बाल संरक्षण कार्ड आलं, अंगणवाडीतल्या ताई भरतात ते. तेही आईकडेच राहतं.

आता परदेशी बाईचं काय? कारण या सगळ्यात मी कुठे बसते हा प्रश्न होताच. जपानमध्ये बऱ्याच सरकारी सोयी एके काळी फक्त जपानी नागरिकांसाठी होत्या. पेन्शन आणि बालक भत्त्याच्या कायद्यांतली नागरिकत्वाची अट १९८२ मध्ये निघाली, जपान निर्वासितांच्या करारात सामील झाला तेव्हा. राष्ट्रीय आरोग्य विम्यातली १९८६ मध्ये. पण १९६५ च्या माता-बालक कायद्यात अशी अट मुळातच नव्हती. गरोदर आहे आणि इथे राहते, एवढं पुरे. व्हिसा संपलेल्या बाईलासुद्धा ही वही मिळू शकते. नव्वदच्या दशकात फिलिपिन्स, थायलंड, ब्राझील अशा देशांतून बरीच माणसं कामाला आली, तेव्हा दोन भाषांतल्या वह्या निघाल्या. एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला आपली भाषा, म्हणजे डॉक्टरला आणि आईला एकाच ओळीवर बोट ठेवता येतं. मला इंग्रजी-जपानी मिळाली. मराठी अर्थातच नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

पण मोकळ्या रकान्यात काय लिहायचं ते माझ्या हातात होतं. तिथे मी मराठीत लिहिलं. "आज पहिल्यांदा पोटात मासोळी फिरल्यासारखं वाटलं." आमच्या दवाखान्यातल्या सुईणबाईंनी ती ओळ निरखून पाहिली आणि विचारलं, ही वरची रेघ आधी काढता की नंतर? मी म्हटलं, नंतर. मग काय लिहिलंय ते सांगितलं. मासोळी त्यांना फार आवडली.

सगळं असं गोड नव्हतं हं. वजनाचा रकाना हा माझा शत्रू. जपानी डॉक्टर वजनाच्या बाबतीत भयंकर कडक! २००६ पासूनच्या सरकारी सल्ल्याप्रमाणे मध्यम बांध्याच्या बाईने नऊ महिन्यांत सात ते बारा किलो वाढावं, आणि बहुतेकींना सातच्या बाजूला ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल. इकडे आईने कुरिअरने पाठवलेले डिंकाचे लाडू, तिकडे काटा. फोनवर आई म्हणायची, "दोन जिवांची आहेस, पोटभर जेव." आणि दवाखान्यात आहाराच्या बाई माझ्या वरणभातातल्या तुपाचे चमचे मोजायच्या. वर मी शाकाहारी. मासे नाहीत, लिव्हर नाही, अंडंही नाही, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. शेवटी तोफू, तीळ, पालक आणि मुगाची उसळ यांवर आमचा तह झाला.

या काट्याचाही इतिहास आहे. ऐंशीच्या दशकापासून जपानात कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण वाढत गेलं. साधारण पाच टक्क्यांवरून साडेनऊ टक्क्यांपर्यंत. मुळात सडपातळ राहू पाहणाऱ्या मुली आणि वर गरोदरपणी वजन आवरा हा सल्ला, ही त्याची कारणं म्हणून तज्ज्ञ सांगू लागले. २०२१ मध्ये सल्ला बदलला. मध्यम बांध्याच्या बाईला आता दहा ते तेरा किलो वाढायला सांगतात, आणि बारीक असेल तर बारा ते पंधरा. ही बातमी मी आईला फोन करून दिली. ती एवढंच म्हणाली, "मग? लाडू चांगलेच होते की."

वहीतला आकडा पक्का असतो. त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, ते मात्र दर पिढीत बदलत असतं.

बाळंतपणाला माहेरी जायचं की नाही हा प्रश्न आमच्याकडेही झाला. तुम्हाला वाटेल ही आपलीच रीत. पण जपानीत तिला खास शब्द आहे, 'सातोगाएरी', म्हणजे माहेरी परत जाणं. आमच्या दवाखान्यातल्या निम्म्या बायका आठव्या महिन्यात वही पर्समध्ये टाकून आपापल्या गावी जायच्या, आणि तिथला डॉक्टर पुढच्या ओळीपासून लिहायला लागायचा. माझं माहेर सात हजार किलोमीटरच्या आसपास. तिथला डॉक्टर जपानी वाचणार नव्हता. म्हणून मी राहिले आणि माहेरच तोक्योला आलं. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर, सोबत बाळंतशोपा, खारीक, ओव्याची पुरचुंडी आणि तीन नऊवारी मऊ पातळांची दुपटी.

लेक २०१० च्या वसंतात झाली. बाळंतपण इथे आजारपण मानत नाहीत, म्हणून उपचारांच्या खर्चासारखा त्याचा खर्च विम्यात धरत नाहीत. त्याऐवजी ठोक रक्कम मिळते. तेव्हा ती ४ लाख २० हजार येन होती (२०२३ पासून ५ लाख आहे). घरी जाताना दवाखान्याने दोन वस्तू दिल्या: भरलेली वही, आणि एका छोट्या लाकडी डबीत वाळवलेला नाळेचा तुकडा. डबी पाहून आई चमकलीच. "अगं, नाळ पुरायची असते, जपून काय ठेवतात?" जिथे नाळ पुरली ते आपलं गाव, असं आपण म्हणतो. इथे नाळ आईच्या कपाटात राहते. आईने जरा विचार केला आणि म्हणाली, "असू दे. तुम्हाला कुठे स्वतःची जमीन आहे इथे."

मग रिकाम्या दुपारी, बाळ झोपलं की, आई ती वही घेऊन बसायची. इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचायची. एका पानावर अडली. 'आधीची गरोदरपणं' असा तक्ता, आणि त्यात जगलेल्या, न जगलेल्या, अर्ध्यावर गेलेल्या सगळ्यांना जागा. माझा रिकामा होता. तिने विचारलं, "म्हणजे गेलेलं मूलसुद्धा लिहायचं?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईचं हे पान भरलं असतं."

माझी आजी, म्हणजे आईची आई, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तिची बाळंतपणं घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, गावच्या सुईणीच्या हातून झाली. जगली पाच. झाली किती? आई म्हणायची आठ. मामा म्हणायचा सात. मोठी मावशी काहीच म्हणायची नाही. आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तिला कुणी विचारलं नाही, आणि ती आपणहून सांगणाऱ्यातली नव्हती.

अशा वेळी मला हटकून एक फोटो आठवतो. तुम्हीही पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तीन मुली ओळीने. साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, त्यांच्या बाजूला किमोनोत ओकामी केई, आणि सीरियाहून आलेली तिसरी. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि तो दहाच दिवस जगला होता. १८८६ मध्ये पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्या फेब्रुवारीत त्या पुण्यात गेल्या. ओकामी केई १८८९ मध्ये पदवी घेऊन तोक्योला परतल्या, जिकेई हॉस्पिटलात डॉक्टर झाल्या, आणि १९४१ मध्ये वारल्या. वही निघायच्या आदल्या वर्षी. एका मराठी आणि एका जपानी बाईने शेजारी शेजारी बसून हेच शिकायचा प्रयत्न केला होता, की बायका आणि बाळं मरतात ती का, आणि ती कशी मरणार नाहीत. दोघीही तेव्हा परदेशात होत्या. आनंदीबाईंचं दहा दिवसांचं बाळ इतिहासात राहिलं, कारण आई प्रसिद्ध होती. आजीच्या बाळांचं तसं नाही.

कागदाची वही हरवूही शकते, हे २०११ च्या मार्चमध्ये दिसलं. त्सुनामीत घरांबरोबर कितीतरी आयांच्या वह्या वाहून गेल्या. इवाते प्रांतात गरोदर बायकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायची सोय नुकतीच झाली होती, त्यामुळे तिथे बऱ्याच जणींची माहिती परत मिळाली. आता सरकार ही वही मोबाइलवर आणायच्या तयारीला लागलं आहे. सोयीचं होईल, यात शंका नाही. पण १९४२ आणि १९४८ वाचल्यावर मला वाटतं की मोबाइलवर आली तरी एक प्रत आईच्या हातात राहावी. सरकारला तिचं काय करायचं आहे ते दर काही वर्षांनी बदलतं. आईला काय करायचं आहे ते बदलत नाही.

आई भारतात परतल्यावर दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं. फोन करायचं सोडून पत्र, म्हणून जरा घाबरतच उघडलं. ती मावशीकडे जाऊन चार दिवस राहून आली होती, आणि वहीतल्यासारखा तक्ता आखून तिने आजीचं पान भरलं होतं. पेन्सिलीने, कारण खात्री नाही. पहिला मुलगा, सहा दिवस. दुसरी मोठी मावशी. तिसरं सातव्या महिन्यात गेलं. पाचव्यासमोर लिहिलं होतं: 'मुलगी, नाव ठेवलं नव्हतं, साल आठवत नाही, भात लावणी चालू होती.' अशा एकूण नऊ ओळी. मामाचे सात नाहीत, आईचे आठ नाहीत. मावशी सगळ्यात मोठी, तिने बहुतेक सगळं पाहिलं होतं. तिला साठ वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मावशी त्यानंतर तीन वर्षांनी गेली. तो कागद मी लेकीच्या बोशी तेच्योत घडी घालून ठेवला आहे.

तुमच्या घरात कुणी मोठी मावशी असेल, आत्या असेल, तर जाऊन विचारा. सोबत पेन्सिल न्या.